मालिकेतल्या मृत्यूला खऱ्या श्रद्धांजलीचं रूप कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोनी टीव्हीवरच्या 'सीआयडी' या हिंदी गुन्हेगारी मालिकेत एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न यांचा, म्हणजे शिवाजी साटम करतात त्या पोलीस अधिकाऱ्याच्या पात्राचा, मृत्यू दाखवला त्या एपिसोडवर तुम्ही वाचकांच्या प्रतिक्रिया छापल्यात, त्या सगळ्या वाचल्या आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहितेय. बऱ्याच जणांनी लिहिलंय की एसीपी नाहीत तर आम्ही बघणारच नाही, काहींचं म्हणणं आहे की पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला आता आराम मिळायलाच हवा, आणि एकदोघांनी तर "मालिकाच आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं म्हणून विषयच मिटवून टाकलाय. मला तिघांशीही थोडं भांडायचंय, पण त्याआधी ज्याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही ते बोलते, ते म्हणजे चॅनेलने टाकलेली ती श्रद्धांजलीची पोस्ट.

बार्बोसा नावाच्या खलनायकाने बॉम्ब लावला, बाकीची टीम वाचली आणि एसीपी गेले, असं दाखवलं. ठीक आहे, कथा त्यांची आहे. पण त्यानंतर चॅनेलने एसीपींचा फोटो, त्याच्याखाली १९९८ ते २०२५ आणि स्मृतीला वंदन वगैरे मजकूर, अशी पोस्ट टाकली, आपण घरातलं माणूस गेल्यावर पेपरात देतो ना अगदी तशी. आता ही पोस्ट इन्स्टाग्रामवर बघणाऱ्या पोरांना लगेच कळतं की हे कॅरेक्टरबद्दल आहे, पण ती तिथेच थोडी थांबते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आमच्या फॅमिली ग्रुपवर आली तोपर्यंत कुणीतरी स्क्रीनशॉट कापून नुसता फोटो आणि साल एवढंच ठेवलेलं. कराडच्या मावशीने आईला फोन केला की अगं ते शिवाजी साटम गेले. माझी आई ऐंशीच्या घरात आहे, तिने टीव्ही बंद केला, देवापुढे दिवा लावला आणि मग मला फोन करून विचारतेय, "वय काय होतं गं त्यांचं, आजारी होते का?" मी तिला समजावून सांगितलं की बाई ते ठणठणीत आहेत, मालिकेत तसं दाखवलंय फक्त, तर तिचा विश्वासच बसेना, म्हणे फोटो खाली साल लिहून कोण अशी चेष्टा करेल.

आणि आईचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. याच टीमने खरोखरचा माणूस गमावलाय हो, त्याला तेव्हा दीड वर्ष पण झालेलं नव्हतं. मालिकेत फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले, फक्त ५७ वर्षांचे होते, त्या वेळीसुद्धा आधी हार्ट अटॅकच्या बातम्या फिरल्या आणि मग मालिकेत दयाचं काम करणाऱ्या दयानंद शेट्टींनी स्वतः सांगितलं की हार्ट अटॅक नव्हता, लिव्हरचा त्रास होता. तेव्हा लोकांनी असेच फोटो शेअर केले होते, असंच खाली साल लिहून. मग आता त्याच मालिकेतल्या दुसऱ्या माणसाचा तसाच फोटो आला तर साधी माणसं खरं मानणारच, त्यांना दोष कसा द्यायचा? फडणीसांना ज्या रीतीने निरोप दिला तीच रीत एका जिवंत कलाकाराच्या फोटोला लावायची, तेही २१ एप्रिल २०२५ ला त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली त्याच महिन्यात, हे मला अजिबात पटलेलं नाही. साटमांच्या घरच्यांना, त्यांच्या गावच्या लोकांना किती फोन गेले असतील याचा विचार कुणी केला का?

आता "मालिकाच आहे" म्हणणाऱ्यांना. अहो २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली मालिका आहे ही. २७ ऑक्टोबर २०१८ ला बंद झाली तेव्हा दीड हजाराच्या वर एपिसोड झाले होते, आणि परत डिसेंबर २०२४ ला सुरू झाली तर लोक पुन्हा शनिवार-रविवारी रात्री दहाला बसायला लागले. आमच्याकडे तर साटम त्याच्याही आधीपासून ओळखीचे, 'सीआयडी' काढणाऱ्या बी. पी. सिंग यांच्यासोबत त्यांनी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' केली होती, आई अजून त्यांना "दूरदर्शनवरचा तो इन्स्पेक्टर" म्हणते. बँकेतली नोकरी करत करत नाटकातून वर आलेला आपला मराठी माणूस, हाताची बोटं फिरवत "कुछ तो गडबड है" म्हणाला की बिहारपासून बेळगावपर्यंत पोरं नक्कल करतात. एवढ्या वर्षांचं नातं असलं की मनाला लागणारच, त्यात लाजण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

पण जे म्हणतात एसीपींना मारायलाच नको होतं त्यांचंही मला पूर्ण पटत नाही. गुन्हेगारीची मालिका आहे, माणसं मरणारच, आणि या मालिकेने मरण किती ताकदीने दाखवलंय ते जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. एसीपींचा स्वतःचा मुलगा नकुल गुन्हेगार निघतो आणि बापालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते, ते बघून आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. तेव्हा कुठली पोस्ट नव्हती, काळा फोटो नव्हता, बापाच्या चेहऱ्यावरच सगळं होतं. याच लोकांनी २००४ ला १११ मिनिटांचा अख्खा एपिसोड एका शॉटमध्ये शूट केला, मध्ये एकही कट नाही. ज्यांना एवढं येतं त्यांना हे करायची गरजच काय होती?

मला विचाराल तर एसीपींचं जाणं हीच एक केस व्हायला हवी. स्फोटात माणूस गेला तर ओळख पटवायला पंचनामा, पोस्टमार्टम, दात, हाडं, नातेवाइकाच्या रक्ताशी डीएनए जुळवणं हे सगळं खरोखर करावं लागतं आणि त्याला दिवसच्या दिवस जातात. इथे ते काम मालिकेतल्या फॉरेन्सिक डॉक्टर साळुंखेंकडे येणार, ज्या माणसाशी ते रोज लॅबमध्ये भांडले त्याच्याच रिपोर्टवर सही करायची, आणि एसीपींना रक्ताचा मुलगा उरलेला नाही तर नमुना कुणाचा घ्यायचा? बाहेर एसीपींच्या टीममधले दया आणि अभिजीत बसलेत, सही होईपर्यंत दोघंही मानायला तयार नाहीत. साळुंखेंचं काम करणाऱ्या नरेंद्र गुप्तांनी तो सीन काय केला असता! पुढे काय दाखवतील ते दाखवोत, पण प्रेक्षकाला रडवायचंच तर असं रडवा.

पार्थ समथान या तरुण नटाला तेव्हा ज्या शिव्या पडल्या त्या पण मला पटलेल्या नाहीत. तुमच्या प्रतिक्रियांमध्ये सुद्धा दोन पत्रं तशी होती. पुण्याचा पोरगा आहे तो, त्याला नव्या एसीपीचं काम मिळालं आणि त्याने घेतलं, त्याने कुणाची खुर्ची काढून घेतलेली नाही. दयाच्या वयाला आलेल्या माणसाने एवढ्या तरुण एसीपीला सर म्हणणं विचित्र वाटतं हे मात्र खरंय, पण त्याचं उत्तर लेखकांनी द्यायचं, त्या मुलाने नाही. आणि "आराम द्या" म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं की खुद्द साटमांनी तेव्हा मुलाखतीत सांगितलं होतं, आपण थोडा ब्रेक घेतलाय, आपला ट्रॅक संपला की नाही हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, संपला असेल तरी हरकत नाही. म्हणजे ज्या माणसाच्या फोटोखाली साल टाकून मोकळे झाले त्यालाच धड माहिती नव्हती. ते किती शांतपणे बोललेत ते वाचून मला जास्त वाईट वाटलं.

माझी चॅनेलला आणि तुम्हालाही एकच विनंती आहे. मालिकेतल्या मृत्यूची बातमी किंवा पोस्ट देताना पहिल्याच ओळीत, फोटोच्या वरच, मोठ्या अक्षरात "मालिकेतील पात्र" असं लिहा, कापला तरी दिसेल अशा जागी. तुमच्या ऑनलाइन आवृत्तीतही "एसीपी प्रद्युम्न यांना अखेरचा निरोप" एवढंच शीर्षक होतं, ते अजून तसंच आहे, तेवढं बदलून घ्या.

नाव छापू नये.

आपली,
एक वाचक, सातारा