आई, शनिवारी येते

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला घेतलं की विषय पाऊसपाण्यावर जातो, म्हणून लिहिते आहे.

आई, मागच्या वेळी आले तेव्हा तू संध्याकाळी जपाला बसली होतीस. शेजारचा छोटू रडत दाराशी आला. तू माळ गोमुखीत ठेवलीस, त्याचा गुडघा धुतलास, हळद लावलीस, हातावर लाडू ठेवलास आणि परत येऊन बसलीस. मी म्हणाले, "असल्या जपाचा काय उपयोग? चित्त कुठे आहे तुझं?" तू काही बोलली नाहीस. गोमुखी उचलून आतल्या खोलीत गेलीस. तुझं ते उठून जाणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा डोळे मिटून ध्यानाला बसले होते, पण आत हिशेब चालला होता. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, वर्षभरात एक खाडा नाही. मी शांत, आई चंचल. मला समज आली, आईला नुसती सवय. इगतपुरीला दुसऱ्यांदा दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले, तेव्हा जुनी साधक म्हणून मला दुपारी बारानंतर जेवण नव्हतं. तो नियम तिथल्या मुक्कामापुरता. मी तो घरी आणला. तू भरीत-भाकरी वाढायला घेतलीस की "मी रात्री जेवत नाही" म्हणायचे, बाबांना बाहेर ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात.

शिबिराला दोष नाही. अंगावरची प्रत्येक संवेदना तटस्थपणे बघायला तिथे शिकवतात. मांडीतली कळ मी तासन् तास बघितली. 'मला ही कळ सोसते, इतरांना सोसत नाही' हे मनात उठलेलं सुख मात्र बघितलंच नाही. राग आला की छाती धडधडते, कळतं तरी. हे आतून गार लागतं, अगदी शांतीसारखं. म्हणून ओळखू आलं नाही.

बाबा, लहानपणी काळारामाला नेताना तुम्ही दाराशी थांबायचात. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या हाकेवर, दादासाहेब गायकवाडांबरोबर हजारो माणसं दर्शनाचा हक्क मागत इथे आली आणि दारं बंद राहिली, हे सांगायचात. दारं लावणारे वाईट होते का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "पहाटे स्नान, पूजा, सगळं नेमाने करणारी माणसं होती गं." त्या अन्यायाशी माझी चूक तोलत नाही मी, तो फार मोठा होता. पण तुमचं ते उत्तर मला आत्ता कळतंय. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं अमानित्वापासून, म्हणजे मोठेपणाची हाव नसण्यापासून, सुरू होतात, हेही तुमच्याच ज्ञानेश्वरी वाचनात ऐकलेलं. आणि तुम्हालाच मी ध्यान म्हणजे काय ते शिकवायला निघाले.

बसणं सोडलेलं नाही. किती वेळ बसते, ते सांगणं सोडलंय.

आई, चुकले मी. शनिवारी दुपारपर्यंत पोचते. रात्री जेवणार आहे. वांगी भाजून ठेव, भाकरी मी थापते.

तुमची,
धाकटी