‘वाया’ म्हणण्याआधी वाळूखाली बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाने लिहिले होते, की कोकणात जमिनीखालून समुद्राला मिळणारे गोडे पाणी ‘निव्वळ वाया’ जाते. नळाच्या पाळीची वाट बघत घागरी मांडून बसणाऱ्या सोलापूरकराला असे वाटणे साहजिक आहे. पण मी जन्मभर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळल्या, त्यामुळे हा शब्द खटकला.

दिवाळीत आम्ही गुहागरला गेलो होतो. ओहोटी लागली होती आणि नातवाने पाण्याच्या रेषेजवळ वाळूत हातभर खड्डा केला. त्यात झिरपलेले पाणी मी जिभेला लावले, तर मचूळ! दहा पावलांवर समुद्र, आणि इथे त्याच्या निम्मासुद्धा खारटपणा नाही. खड्ड्याच्या कडेला वाळू तांबूस दिसत होती. नातू म्हणाला, ‘आजोबा, गंज चढलाय वाळूला.’ पोराने बरोबर ओळखले होते.

डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी हलके, समुद्राचे जड. त्यामुळे गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत किनाऱ्याकडे सरकते. जुना ठोकताळा असा, की भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 फूट वर असेल, तर खाली सुमारे 40 फूट गोडे पाणी असते. भरतीच्या लाटा वरच्या वाळूतही खारे पाणी ओततात. मग गोडे पाणी वरच्या आणि खालच्या खाऱ्याच्या बेचक्यात सापडते आणि ओहोटीच्या रेषेपाशी बाहेर पडते. विलार्ड मूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1999 मध्ये या जागेला जे नाव दिले, त्याला मराठीत ‘भूमिगत खाडी’ म्हणता येईल.

या खाडीत पाणी नुसते मिसळत नाही, पार बदलते. खोलवरून येणाऱ्या पाण्यात प्राणवायू नसेल तर लोह विरघळलेले असते. लाटांबरोबर आलेल्या प्राणवायूशी गाठ पडली, की त्याचा गंज होऊन वाळूच्या कणांवर बसतो. हा गंज खतातून, सांडपाण्यातून आलेले फॉस्फेट धरून ठेवतो. अमेरिकेतल्या वॉक्वॉइट उपसागराच्या किनाऱ्यावर संशोधकांना असा थर सापडला, त्याला त्यांनी ‘लोखंडी पडदा’ म्हटले. नायट्रेटची गोष्ट वेगळी. लाटांनी आणलेले शेवाळ वाळूत कुजते, जिवाणू ते खातात, प्राणवायू संपवतात आणि मग नायट्रेटमधला प्राणवायू ओरबाडतात. उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो.

तिसरा प्रकार सोलापुरात सहज समजेल. आपल्या बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, म्हणून अनेकांनी सॉफ्टनर बसवले आहेत. त्यात मधूनमधून मीठ का टाकतो? खारे पाणी आतून गेले, की त्यातले रेझिनचे बारीक मणी पकडलेले कॅल्शियम सोडून सोडियम घेतात. किनाऱ्याखालच्या वाळू-मातीच्या कणांना रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असेच चिकटलेले असते, अगदी अल्प. खारे पाणी भिडले की ते सुटते. त्याचाच माग काढत मूर यांनी 1996 मध्ये अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर अंदाज बांधला, की जमिनीखालून येणारे पाणी तिथल्या नद्यांच्या पाण्याच्या सुमारे 40 टक्के भरते. मात्र त्यात वाळूत शिरून परतणारे समुद्राचे पाणीही पुष्कळ असते. सगळे गोडेच धरून टँकरचा हिशेब मांडू नये.

याचा अर्थ वाळू सगळी घाण गाळून देते असाही नाही. वाळू भरड असेल, पाणी भरभर वाहत असेल किंवा जिवाणूंना खाद्य नसेल, तर नायट्रेट थेट समुद्रात जाते. वाळूतला प्राणवायू संपला, तर गंज पुन्हा विरघळतो आणि धरलेले फॉस्फेट सोडून देतो. किनाऱ्याला खेटून लॉज उभे राहतात, त्यांचे शोषखड्डे याच पाण्यात उतरतात. मी ते पाणी चाखायला नको होते, हे घरच्यांनी परतीच्या गाडीत पुरेसे ऐकवले.

सोलापूरच्या माणसाने यात का पडावे? आपली भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते, कोकणाच्या वाळूशी तिचा संबंध नाही. पण वाळूचा आहे. माझ्या लहानपणी सीनेच्या पात्रात झिरे खणून बायका वाटीवाटीने पाणी भरत, तेव्हा नदी गढूळ असली तरी झिऱ्याचे पाणी निवळ असे. ती वाळू ट्रकांनी गेली. राहिला खडक आणि खड्डे. आपण वाळूला बांधकामाचा माल समजलो, ती पाण्यावर काम करत होती हे लक्षातच घेतले नाही. किनाऱ्यावरची वाळू उचलणाऱ्यांनाही तेच सांगावेसे वाटते.

आपल्या वार्ताहरांनी किनाऱ्याच्या प्रदूषणावर लिहिताना एवढे जरूर विचारावे: पाण्याचे नमुने फक्त लाटांतून घेतले, की ओहोटीला वाळूत खड्डा करूनही घेतले? फावडे नसेल तर आमचा नातू यायला तयार आहे.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सोलापूर