तिसऱ्या मोरीपाशी भेटलेल्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट चार महिने झाले तरी जात नाही. म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. राखीव जंगलातल्या त्या खडीच्या वाटेवर काम करणाऱ्या कुणाच्या तरी नजरेला ते पडेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल, एवढी आशा आहे.

ओळख पटावी म्हणून सांगते. दुसऱ्या फाटकानंतरचा लांब उतार, तिसरी मोरी. तुम्ही मोरीच्या तोंडाशी गुडघे टेकून कुजलेला पाला उपसत होता आणि मी सायकल ढकलत खाली आले. मागच्या टायरची कड एका दगडाने बोटाच्या पेराएवढी चिरली होती. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट काट्याची भोकं बुजवतं, पण एवढी चीर त्याच्या आवाक्याबाहेरची. सगळं पांढरं पाणी माझ्या पाठीवर उडालं होतं. भोकात रबरी वातीचा प्लग कोंबला, तो हवेबरोबर बाहेर आला. जवळची एकुलती ट्यूब आत घातली, तर चिरेतून तिचा फुगा डोकावायला लागला. फाटक 14 किलोमीटर लांब, मोबाइलला रेंज नाही आणि उन्हं कलायला लागलेली. वाहनांना बंदी असलेली वाट म्हणून मी इतक्या हौसेने आले होते, आणि त्या क्षणी एखादं वाहन यावं असं मनापासून वाटत होतं.

तुम्ही काही न बोलता टायर अंगठ्याने दाबून पाहिलात. मग स्वतःच्या गुडघ्याला सुतळीने बांधलेला जुन्या टायरचा तुकडा सोडलात, चाकूने त्याची दोन बोटं रुंद पट्टी कापलीत आणि तिच्या कडा दगडावर घासत बसलात. मला घाई होती. तुम्ही मात्र चारही कडा गालाला लावून बघण्याइतक्या मऊ केल्यात. "धार राहिली तर हीच ट्यूबला कापेल," एवढंच म्हणालात. पट्टी चिरेच्या आतून बसवण्याआधी मला टायरच्या आत फडकं फिरवायला लावलंत. "हळू, पोरी, काटा बोटातही जातो." दोन काटे निघाले. सीलंटने त्यांना कधीच गिळून टाकलं होतं, मला त्यांचा पत्ताही नव्हता. नव्या ट्यूबला त्यांनी शंभर पावलांतच खाल्लं असतं.

पट्टी बसली, फुगा आत गेला, चाक फिरलं. यासाठी तुमचे आभार मानायला हवेत आणि ते मी मानतेच. पण पत्र लिहायला बसले ते त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी.

मी निघायची तयारी करत होते, तेव्हा तुम्ही पुढचं चाक दाबलंत आणि विचारलंत, "इतकं टणक कशाला?" 40 मिलिमीटर रुंद टायरमध्ये मी 55 पीएसआय दाबाची हवा भरत असे, डांबरी रस्त्यावरची सवय. तुम्ही पुढची हवा सोडायला लावलीत. मागे ट्यूब असल्याने तिथली जास्तच राहू दिलीत, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात चिमटून ती पुन्हा गेली असती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नरम टायर दगडावर आदळून उडत नाही, दगडाला कवटाळून पुढे जातो. हँडल थरथरायचं थांबलं. तोवर मी समजत होते की खडीवर मनगटं दुखायचीच.

मग तुम्ही वाटेच्या कडेची मूठभर खडी उचललीत आणि ओढ्यातले मूठभर गोटे. दोन्ही माझ्या हातात दिलेत, दाबायला सांगितलंत. गोटे बोटांतून निसटले. फोडलेली खडी मात्र एकमेकीत अडकून घट्ट झाली, तळहाताला टोचली. घरी आल्यावर शोधलं तेव्हा कळलं, 19व्या शतकाच्या सुरुवातीला जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने नेमका हाच रस्ता सांगितला होता: लहान, कोनदार फोडलेले दगड, रस्त्याचा मधला भाग थोडा उंच आणि खालची माती कोरडी राहील अशी पाण्याची वाट. दगडापेक्षा पाण्याची काळजी जास्त. तुमचं फावडं दिवसभर मोरीच्या तोंडाशी का होतं, ते मला तेव्हा उमगलं.

आणि ती चरी! उतारावर कुणाच्या तरी टायरची रेघ ओल्या मातीत उमटली होती. तुम्ही म्हणालात, दोन पावसांपूर्वी ती बोटभर होती. मी हात घातला तर मनगट बुडालं. पाणी वाटेकडेच्या चराकडे जायचं सोडून त्या रेघेतून सरळ खाली धावलं होतं आणि जाताना बारीक खडी घेऊन गेलं होतं. तुम्ही कुणाला दोष दिला नाहीत. मला मात्र आठवलं की मी स्वतः पावसानंतर दुसऱ्याच दिवशी याच वाटेवर आले होते आणि वळणावर मागचा ब्रेक करकचून दाबत चाक घसरवत गेले होते. ते सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही, आज सांगते.

खालच्या वळणाआधी वाटेवर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा पडल्या होत्या. "या वजनाने नाही, वेगाने पडतात," असं तुम्ही म्हणालात. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. पण 2007 मध्ये तीन भौतिकशास्त्रज्ञांनी कोरड्या वाळूवर चाक फिरवून हेच पाहिलं: ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहते, त्यापुढे लाटा आपोआप उठतात, चाकाला स्प्रिंग नसली तरी. तुम्ही हे गस्तीच्या गाडीमागे वर्षानुवर्षं फावडं मारून शिकला होता.

काका, मला मोठ्या रस्त्यावर सायकल चालवताना सतत मागचा आवाज ऐकायची सवय होती. ट्रक जवळ आला की खांदे कानांपर्यंत जात. तुमच्या वाटेवर पहिल्या फाटकानंतर खांदे खाली येतात. टायरखाली खडीची कुरकुर, पेडल थांबवलं की मागच्या हबची टिकटिक, आणि मग पक्षी. ही शांतता मी डोंगराने दिलेली समजत होते. इटलीतल्या टस्कनीमध्ये पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणून 1997 मध्ये लोकांनी जुन्या सायकली काढून ल एरोइका ही सायकलफेरी सुरू केली, हे वाचलं तेव्हा तुमची फार आठवण झाली. तिथे रस्ता वाचवायला सायकलवाले पुढे आले. आपल्या वाटेवर आम्ही नुसते चालवून जातो आणि पाला तुम्ही एकटे उपसता.

आता पाऊस झाला की मी दोन-तीन दिवस थांबते. ब्रेक वळणाआधी मारते, वळणात नाही. चढावर मागचं चाक फिरून खडी उडू नये म्हणून बसूनच चढते. चालणारे दिसले की लांबूनच घंटी वाजवून वेग कमी करते. टायर बदलला, पण तुमची पट्टी हत्यारांच्या पिशवीत जपून ठेवली आहे.

मागच्या रविवारी पुन्हा तिथून गेले, तुम्ही दिसला नाहीत. तिसऱ्या मोरीचं तोंड अर्धं भरलं होतं. हाताने जमेल तेवढा पाला मी काढला आणि वाटेवर चढू लागलेलं पाणी परत पाइपातून जायला लागलं. आत डाव्या बाजूला एक मोठा दगड आडवा अडकलाय, तो मला हलला नाही. याल तेव्हा पहार घेऊन या. मी दर रविवारी सकाळी त्या बाजूला असते, दुसरं टोक धरायला थांबेन.

तुमची,
चिरलेल्या टायरवाली पोरगी