परात वाकडी आहे, ती बदलून द्या

पुणे, ८ ऑगस्ट

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय : १/३५० मापाच्या ‘एंटरप्राइझ’ अवकाशयानाच्या, सुटे भाग जोडून बांधायच्या प्लास्टिक मॉडेलच्या किटमधली वाकलेली थाळी आणि खराब डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची अक्षरं आणि खुणा) बदलून मिळण्याबाबत (चौथं पत्र. आधीची तीन ई-मेलने पाठवली आहेत.)

स. न. वि. वि.

तुमच्या संकेतस्थळावरून मागवलेलं हे किट मला १५ मे रोजी मिळालं. किंमत सत्तावीस हजार नऊशे, शिवाय दिव्यांचा वेगळा संच सात हजारांचा. पैसे मी आगाऊ भरले, तेही कुरकुर न करता. हे आधीच सांगतो, कारण आजवर तुमच्या प्रतिनिधींनी मला डिस्काउंट काढायला आलेलं गिऱ्हाईक समजूनच उत्तरं दिली आहेत. मला डिस्काउंट नको. पैसेही परत नकोत. मला एक थाळी आणि एक डिकलचा कागद हवा आहे.

या वेळचा वाचणारा नवीन असेल, म्हणून वस्तू काय आहे ते सांगतो. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं हे यान. आमच्या पिढीने ते ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलं, आणि रविवारी सकाळी अंघोळी लांबवण्याचं ते आमचं एक मोठं कारण होतं. यानाची कागदावरची लांबी ९४७ फूट, म्हणजे साधारण २८९ मीटर. तिचा साडेतीनशेवा भाग म्हणजे बावीसएक इंच नव्हे, चांगले बत्तीस इंच, ८२ सेंटिमीटर. (‘बावीस’ हा आकडा तुमच्या संकेतस्थळावर आहे. तोही दुरुस्त करून घ्या.) पुढची गोल थाळी, तिच्या मानेखाली मुख्य धड आणि मागे दोन खांबांवर दोन लांब इंजिनं, अशी त्याची ठेवण. थाळीचा व्यास सुमारे ३६ सेंटिमीटर भरतो. आमच्या घरी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘परात’ पडलं, तेव्हा पुढे मी तसंच लिहितो.

ही परात वाकडी आहे.

खोकं उघडण्याआधीच मला झाकणावर बोटभर रुंदीची एक दाबलेली रेघ दिसली होती. गठ्ठा आवळायला प्लास्टिकची पट्टी मारतात, तिचीच ती खूण. झाकण काढून परातीचा वरचा भाग त्याच जागी धरून पाहिला, तर रेघ संपते तिथेच प्लास्टिक खाली बसलेलं. पॉलिस्टायरीन मऊ व्हायला जवळपास शंभर अंश लागतात हे खरं, पण वर वजन असेल तर ते त्याच्या बरंच आधी नमतं, आणि एकदा नमलं की तसंच राहतं. पत्र्याच्या गोदामात, एप्रिल-मेच्या उन्हात, दहा खोक्यांच्या तळाशी हे किट किती दिवस पडून होतं ते तुम्हालाच ठाऊक. मी परात टेबलाच्या काचेवर उपडी ठेवली. तीन बाजूंनी कड काचेला टेकते. चौथ्या बाजूला एकावर एक ठेवलेली दोन नाणी न अडखळता आत सरकतात. फोटोत नाणी आहेत, शेजारी मोजपट्टीही आहे.

हे फोटो मी तिसऱ्या दिवशी, १७ मे रोजी पाठवले. तुमची सात दिवसांची मुदत तेव्हा चालू होती. उत्तर आलं २६ मे रोजी : ‘परत घेण्याची मुदत संपली आहे.’ नऊ दिवस तुम्ही घेतले आणि मुदत माझी संपली!

दुसरं उत्तर त्याहून वरचढ. ‘पिशव्या उघडलेली खेळणी परत घेतली जात नाहीत.’ विकताना तुमच्या पानावर हेच किट ‘संग्राहकांसाठी’ होतं, आणि किंमतही त्याच मापाची होती. परत करायच्या वेळी ते खेळणं झालं. बरं, पिशवी न फोडता आतला भाग वाकलाय की नाही हे कसं ओळखायचं, ते तुमच्या नियमांत कुठे लिहिलेलं नाही. सात दिवसांची मुदत चादरीला ठीक आहे. ती पसरली की कळते. पण ही वस्तू माणूस सहा-आठ महिने रोज रात्री तासभर बसून उभी करतो, आणि त्यातला दोष कात्री लागल्यावर, दिवा पेटल्यावर, रंग वाळल्यावर कळतो.

तिसऱ्या खेपेला फोनवर एक मुलगा बोलला. वागायला नम्र होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याने सुचवलं, हेअर ड्रायरने शेकून सरळ करा. मी तेही करून पाहिलं, परातीवर नव्हे, सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या उरलेल्या तुकड्यावर. एका जागी गरम हवा बसली की तो भाग मऊ होतो आणि शेजारचा ताठ राहतो, म्हणजे एक बाक जाऊन दोन येतात. मग परात मोठ्या पातेल्यात, हात कसाबसा सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवली आणि काचेवर वजन ठेवून रात्रभर दाबली. सकाळी एक नाणं कमी झालं. एक उरलंच. त्याहून जास्त ताप द्यायची माझी हिंमत नाही, कारण कडेवर खिडक्यांच्या खाचा आहेत आणि त्यांचे कोपरे विरघळले तर परात सरळ होऊनही कामातून गेली.

उरलेल्या एका नाण्याने काय बिघडतं, असं वाटेल. सांगतो. या यानाच्या आत दिवे आहेत. एलईडी लावण्याआधी प्रत्येक भागाला आतून काळा रंग द्यावा लागतो आणि त्यावर पांढरा. काळा प्रकाश अडवतो, पांढरा तो खिडक्यांकडे परतवतो. काळा हात पातळ पडला तर अख्खं यान आकाशकंदिलासारखं उजळतं. मी दोन हात दिले. परातीचे दोन्ही भाग चिकटवायच्या आधी चिकटपट्टीने एकत्र बांधले, बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला आणि हॉलमधला दिवा घालवला. खिडक्या सुंदर दिसल्या. आणि डाव्या बाजूला, जिथे नाणं शिरतं तिथे, सात-आठ सेंटिमीटर लांबीची पांढरी फट. बंद खोलीच्या दाराखालून उजेड यावा तशी. पुट्टी भरून ती बुजेलही, पण प्लास्टिक स्प्रिंगसारखं ताणलेलं राहणार आणि वर्षभरात सांधा पुन्हा तडकणार.

त्यावर तुमच्या त्याच मुलाने उपाय सुचवला : ‘सर, डिस्प्लेला ती बाजू भिंतीकडे ठेवा ना.’ त्याला कल्पना नसेल, पण हे बोलणं अगदीच निराधार नाही. मालिकेसाठी वापरलेलं अकरा फुटी मूळ मॉडेल उजव्या बाजूनेच चित्रित व्हायचं. डाव्या बाजूने दिव्यांच्या वायरी आत जायच्या आणि ती बाजू अर्धवटच सोडलेली होती. ते मॉडेल १९७४ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. २०१६ मध्ये पुन्हा मांडण्याआधी त्याची मोठी डागडुजी झाली, तेव्हा परातीवरचा साठच्या दशकातला मूळ रंग मुद्दाम तसाच राखला. पण त्या लोकांनी अर्धी बाजू सोडली ती कॅमेऱ्याच्या सोयीसाठी. मी का सोडावी? माझं यान हॉलच्या मधोमध, चारी बाजूंनी दिसेल अशा स्टँडवर उभं राहणार आहे.

आता डिकल. खोक्याच्या तळाला ओल लागून वाळल्याचा पिवळट डाग आहे, पाण्याची रेघ स्पष्ट दिसते. डिकलचा कागद तळाशीच होता. वरचं पातळ आवरण त्याला चिकटून बसलेलं. खरी अक्षरं वापरण्याआधी मी एक जादा बारीक खूण कोमट पाण्यात सोडली. ती अर्ध्या मिनिटात कागदावरून सरकायला हवी होती. ब्रशने हलकेच ढकलली, तर तिचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे पाच तुकडे होऊन पाण्यावर तरंगले. याच कागदावर परातीवरचा मोठा ‘एनसीसी-१७०१’ हा क्रमांक आहे. तो ब्रशने हाताने रंगवा असं कोणी सुचवू नये, एवढी विनंती.

‘तुम्ही किट वापरलंत’ असा मुद्दा पुन्हा निघेल म्हणून हेही सांगतो. उत्तराची वाट पाहत मी बाकीचं बांधलं. धड झालं, मान झाली, दोन्ही इंजिनं झाली. इंजिनांच्या पुढच्या नारिंगी घुमटांत छोटी मोटर पंखा फिरवते, दिवे तिच्यामागे लुकलुकतात, आणि ते पहिल्यांदा फिरलं त्या रात्री शेजारचे काका चपला न काढता आत आले. सांधे चारशेच्या, मग सहाशेच्या, मग हजारच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून घेतले आहेत. प्राइमर मारला आहे. वरचा रंग आषाढात थांबवला, कारण हवेत इतकी ओल असली की लॅकरवर दुधी झाक येते. म्हणजे पाऊस ओसरेपर्यंत मला घाई नाही. त्यानंतर मात्र आहे. सध्या स्टँडवर धड आहे आणि डोकं नाही. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे काय आहे, आणि प्रत्येक वेळी मला तुमच्या कंपनीचं नाव घ्यावं लागतं.

माझं मागणं साधं आहे. तुमच्या साठ्यातल्या दुसऱ्या खोक्यातून परातीचे वरचा-खालचा दोन्ही भाग आणि डिकलचा कागद काढून पाठवा. माझे जुने भाग मी परत देतो. सुटे भाग देता येत नसतील, तर त्यांची वाजवी रक्कम परत द्या. डिकल मी बाहेरून घेईन आणि परातीचं माझं मी बघेन. अख्खं किट परत पाठवा असं म्हणू नका, त्यात आता माझे अडीच महिने चिकटले आहेत.

ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. सदोष माल परत घ्यायला नकारही देता येत नाही. आधीच्या तीन पत्रांपैकी एकाचीही पोच मला त्या मुदतीत मिळालेली नाही. या पत्रालाही महिना उलटला तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि पुढे जिल्हा आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मला ती तक्रार माझ्याच जिल्ह्यात करता येते, आणि एवढ्या रकमेला फीदेखील नाही. ही धमकी समजू नका. मला आयोगाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा पॉलिश पेपर झिजवलेला आवडेल.

नवे भाग पाठवाल तेव्हा दोन गोष्टी करा. खोक्याला पट्टी मारू नका, साधी चिकटपट्टी पुरते. आणि कुरिअरवाल्याला संध्याकाळी सहानंतर यायला सांगा. दुपारी आमच्याकडे कोणी नसतं आणि वॉचमन पार्सल त्याच्या केबिनमध्ये ठेवतो. त्या केबिनवरही पत्राच आहे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : फोटो (नऊ), बिलाची प्रत, आधीच्या तीन ई-मेलच्या प्रती, आणि एका पाकिटात त्या फुटलेल्या डिकलचे पाच तुकडे