जागल्यांच्या (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या) पाठीशी उभे राहूया : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

२५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला भरदिवसा जाळून मारलं. टँकरमधल्या तेलाची चोरी त्यांच्या नजरेला पडली आणि ते गाडी थांबवून उतरले, एवढंच त्यांचं चुकलं. त्याआधी २००३ मध्ये गयेला अभियंता सत्येंद्र दुबे यांचा खून झाला. महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही केली होती. ते नाव फायलीबरोबर खात्यात फिरलं.

जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो लागू करणारी अधिसूचना निघालेली नाही. केंद्र सरकारच्या २००४ च्या ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार देता येते. मात्र राज्य सरकारच्या कार्यालयांतला कारभार त्यात बसत नाही, आणि आमच्या नागरिक मंडळाकडे येणारी माणसं बहुतेक तिथलीच असतात.

गेल्या पावसाळ्यात एक लिपिक आमच्याकडे आले. भिजू नये म्हणून दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेले कागद : साठा नोंदवहीच्या झेरॉक्स, वरिष्ठांना दिलेला अर्ज, त्यावरचा आवक शिक्का. अर्जानंतर आधी कारणे दाखवा नोटीस, मग निलंबन. निर्वाह भत्त्यावर घर चालवायचं, मुलीची फी भरायची, वर वकील. बोलताना त्यांचा हात सारखा त्या पिशवीवर होता. "माझं काही चुकलं का?" असं त्यांनी तीनदा विचारलं. नाही, काहीही चुकलेलं नाही!

अशा कर्मचाऱ्यांसाठी आमचं नागरिक मंडळ निधी उभारत आहे. पैसे वकिलाची फी, नकला, तारखांचा प्रवास आणि निलंबनकाळात मुलांची फी यावरच खर्च होतील. यथाशक्ती द्या, पावती मागून घ्या. आणि पैशापेक्षाही निकड आहे ती सेवा नियम कोळून प्यायलेल्या निवृत्त मंडळींची. विभागीय चौकशीच्या नोटिशीला नेमकं उत्तर लिहून देणारा माणूस वेळेवर भेटला, तर नोकरी वाचते. आठवड्यातून एक संध्याकाळ द्या.

येत्या २५ जानेवारीला सोनवणे यांच्या स्मृतिदिनी अशा कर्मचाऱ्यांचा सत्कार करायचा आहे. ज्यांना व्यासपीठावर येणं जोखमीचं वाटेल, त्यांच्या घरी दोघेच जाऊन शाल-श्रीफळ देऊ. फोटो काढणार नाही.

देणगीदार स्वतः सरकारी नोकरीत असतील, तर त्यांचं नाव आमच्या यादीत लावणार नाही. पावती तेवढी हातात मिळेल.

आपले,
नागरिक मंडळाचे कार्यकर्ते