घोडीला आधी घोड्यांची सोबत दे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नव्या तबेल्यात आणल्यापासून घोडी रात्रभर खणात फेऱ्या घालते, वैरण अर्धी टाकते, बाहेर काढली की खिंकाळत सुटते आणि तू जवळ गेलास तरी तुझ्याकडे बघतसुद्धा नाही. या शेवटच्या गोष्टीचं तुला सगळ्यांत जास्त लागलेलं दिसतंय.

मग आधी तेवढंच बोलतो. ती तुझ्यावर रुसलेली नाही, तिचा कळप गेलाय. कळपातला एक जागा असतो म्हणून बाकीचे निर्धास्त झोपतात, अशी ही जात. जुन्या तबेल्यात शेजारी कोण, पाणी कुठे, रात्री कुठला आवाज कशाचा, सगळं तिला पाठ होतं. गाडीतून उतरली आणि त्यातलं काहीच उरलं नाही. तू ओळखीचा आहेस खरा, पण अंधार पडला की तू घरी जातोस. म्हणून तिला आधी घोडा हवाय, तू नंतर. वाईट वाटून घेऊ नकोस.

नवीन जनावर दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायला तुझे तबेलेवाले सांगतायत, ते बरोबरच आहे. स्ट्रँगल्ससारखा (घशाच्या गाठी सुजवणारा, एका घोड्याकडून दुसऱ्याला लागणारा) आजार लागण झाल्यावर साधारण 3 ते 14 दिवसांनी डोकं वर काढतो. तिचा ताप रोज बघ. 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर डॉक्टरांना बोलाव. तिची बादली, खरारा, दोर, सगळं वेगळं ठेव. पण वेगळं ठेवायचं म्हणजे चार भिंतींत कोंडायचं नव्हे. नाकाला नाक लागणार नाही इतक्या अंतरावर, पण दिवसभर दिसेल असा एक घोडा तिच्यासमोर हवा. एवढं एक तू भांडून मिळव.

ती मुदत संपली की सगळ्या कळपात एकदम सोडू नकोस. आधी एकच निवड, वयानं मोठा आणि शांत. दोघांना शेजारच्या कुरणांत ठेव, मध्ये भक्कम कुंपण, काटेरी तार अजिबात नको. किंचाळतील, पुढचे पाय आपटतील, त्यांची ओळख अशीच होते. मग मोकळ्या मोठ्या जागेत एकत्र सोड. जिथे एखादा घोडा कोंडीत सापडेल असा कोपरा तिथे नसावा. जितके घोडे त्याहून एक जास्त गवताचा ढीग टाक, तेही लांब लांब. मागचे नाल काढून घेता आले तर उत्तम, लाथ बसली तरी इजा कमी होते.

आता पोटाचं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झरत असतं, खाणं असो वा नसो. गवत चघळताना सुटणारी लाळ त्याला आवरते. त्यामुळे घाबरलेला आणि वर उपाशी घोडा म्हणजे अल्सरला आमंत्रण. पाचशे किलोच्या जनावराला कोरडी वैरण दिवसाला निदान साडेसात किलो, खरं तर दहाच्या आसपास हवी, आणि रात्रीही समोर असायला हवी. जुन्या जागेहून थोडी वैरण मागवून घे आणि दहाएक दिवसांत हळूहळू नवीवर आण. काम बंद आहे तोवर चंदी, म्हणजे दाणा, कमी कर. पाणी बादलीनंच दे, म्हणजे किती प्यायली ते कळतं. दिवसाला 25 ते 50 लिटर लागतं, आणि चव बदलली की काही घोडे तोंड लावत नाहीत. ती वळून वळून कुशीकडे बघायला लागली, जमीन उकरायला लागली, लीद थांबली, तर सकाळची वाट बघू नकोस. पोटशूळ थांबून राहत नाही.

तबेल्यातले जुने लोक म्हणतील, लाड पुरे, खोगीर घाल, कामाला लाव, गप्प होईल. होईलही. दमलेला घोडा गप्पच असतो. मला तर गोंधळ घालणाऱ्या घोड्यापेक्षा कोपऱ्यात तोंड घालून निपचित उभा राहणारा जास्त काळजीचा वाटतो, आणि लोक नेमकं त्यालाच गुणी म्हणतात. पहिले काही आठवडे तिला दोर लावून नुसती फिरव, शक्यतो रोज त्याच वेळी. एखाद्या गोष्टीला बुजली तर ओढत जवळ नेऊ नकोस. जिथून ती ती गोष्ट बघू शकते आणि मान खाली सोडू शकते, तिथेच थांब आणि परत फिर. डोलण्याची, म्हणजे उभ्या जागी मान सतत डावीकडे-उजवीकडे हलवत राहण्याची सवय लागू नये म्हणून दारावर गज लावायला कोणी सांगेल, ते नको. डोलणं थांबेल, घोर तसाच राहील. न फुटणारा आरसा लावल्यानं काही घोड्यांचं डोलणं कमी झालेलं आहे, पण काही घोडे त्यालाच घाबरतात, तेव्हा तो लावलास तर समोर उभा राहून बघ.

आणि मानेवर थापट्या मारणं सोड. आयाळ संपते तिथे, खांद्यांच्या उंचवट्यापाशी खाजव. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यानं हृदयाचे ठोके उतरतात हे मोजून पाहिलेलं आहे. जवळ जाताना खांद्याच्या बाजूनं, काहीतरी बोलत जा. कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं तिला दिसत नाही.

झोपेचं तू काहीच लिहिलं नाहीस. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी दिवसातून अर्धा-पाऊण तास तरी आडवं व्हावं लागतं, आणि जागेचा भरवसा वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. उद्या सकाळी खरारा करण्याआधी तिच्या कुशीला आणि शेपटीला भुसा चिकटलाय का बघ. पत्राच्या उत्तरात ते लिही. लिदीचे ढीग रोज किती पडतात, पाणी किती जातं आणि तिला समोर दिसणारा घोडा कसा आहे, तेही लिही. त्यावरून तिला शेजारच्या कुरणात कधी हलवायचं ते ठरवू.

तुझाच
जुना मित्र