‘एकही छेद न घेता’ बसणाऱ्या इंजिन-गिअरबॉक्स किटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : १९६४ ते १९६७ च्या शेव्हरोले शेव्हेलसाठी विकलेल्या इंजिन व गिअरबॉक्स बदल किटमधील दोष, त्यातील धोकादायक इंधन नळी आणि आपल्या तांत्रिक साहाय्य विभागाने दिलेली वागणूक

महोदय,

आपल्या तांत्रिक साहाय्य विभागाने आज दूरध्वनीवर माझी तक्रार ‘निकाली’ काढल्याचे सांगितले. ती निकाली निघालेली नाही. गाडी स्टँडवर उभी आहे, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढून बाजूला ठेवलेला आहे, आणि किट बसवल्यापासून गाडी का थरथरते, या ज्या प्रश्नाचे उत्तर मी मागत होतो ते आजही मला मिळालेले नाही. म्हणून हे पत्र थेट व्यवस्थापनाला लिहीत आहे. किटमध्ये काय काय येते हे आपणांस माझ्याहून चांगले ठाऊक असणार, त्यामुळे सुट्या भागांची यादी येथे देत नाही.

माझी गाडी १९६७ ची शेव्हेल आहे. तिच्यात मुळात २८३ घनइंचांचे व्ही-८ इंजिन आणि दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. ताशी १०० किलोमीटरला ते इंजिन मिनिटाला जवळजवळ २,७०० फेरे घेत असे आणि लांबच्या प्रवासात त्याची धाप स्पष्ट जाणवत असे. त्याच्या जागी ६.२ लिटरचे एलएस३ इंजिन आणि सहा गिअरचा ६एल८० गिअरबॉक्स बसवला, की सहाव्या गिअरच्या ०.६७ गुणोत्तरामुळे त्याच वेगाला फेरे १,८०० च्या आसपास येतात. मला हवे होते ते एवढेच. एलएस३ ची ४३० अश्वशक्ती मिरवण्याची हौस मला कधीही नव्हती. बाजारात इतरही किट होती. आपले किट निवडण्याचे एकमेव कारण म्हणजे आपल्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावरचे आश्वासन : चासीला वा फ्लोअरच्या टनेलला (ज्याच्याखाली गिअरबॉक्स बसतो त्या उंचवट्याला) ‘एकही छेद न घेता’ संपूर्ण बदल. मूळ इंजिन आणि पॉवरग्लाइड मी तेल-ग्रीस लावून जपून ठेवले आहेत. उद्या कोणाला ही गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर तिचा पत्रा शाबूत असला पाहिजे. माझ्या दृष्टीने ही अट तडजोडीची नाही, आणि हे मी ऑर्डर देतानाच आपल्या विक्री विभागाला लेखी कळवले होते.

किटमधील प्रत्येक भाग आपापल्या जागी बसतो, हे मी मान्य करतो. इंजिन माउंटची भोके जुळतात, गिअरबॉक्सला खालून आधार देणारा क्रॉसमेंबर चासीवर बरोबर येतो, एकही बोल्ट ओढूनताणून घालावा लागला नाही. परंतु हे सगळे बसवल्यावर गिअरबॉक्सची शेपूट ६ अंश खाली जाते. मागे डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) पिनियनचे, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो त्या दंतचक्राचे, नाक ३ अंश वर आहे आणि मधला शाफ्ट मागच्या बाजूला १ अंश उतरता आहे. म्हणजे शाफ्टच्या टोकांना असलेल्या, कोनात फिरू शकणाऱ्या सांध्यांपैकी पुढचा युनिव्हर्सल जॉइंट ५ अंशांत काम करतो आणि मागचा २ अंशांत. आपल्याच पुस्तिकेत असे छापले आहे की कोणत्याही जॉइंटचा कोन ३ अंशांच्या वर जाऊ नये आणि दोन्ही कोनांतला फरक १ अंशाच्या आत असावा. ही मापे मी सपाट फरशीवर, गाडीचे संपूर्ण वजन चारही चाकांवर असताना, कोनमापक आधी फरशीवर शून्याला लावून घेतलेली आहेत, आणि त्यांची छायाचित्रे आपल्या विभागाकडे एकदा नव्हे, वारंवार पाठवलेली आहेत.

कोनात वाकलेल्या युनिव्हर्सल जॉइंटच्या पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. मागचा जॉइंट तेवढ्याच कोनात असला तर तो ही चढउतार पुसून टाकतो, नसला तर ती थरथर गाडीच्या फ्लोअरमध्ये उतरते. आपल्या अभियंत्यांना हे शिकवण्याची वेळ ग्राहकावर यावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ताशी ८० च्या पुढे थरथर सुरू होते आणि १०० ला ती सीटमधून, पेडलमधून आणि दातांपर्यंत जाणवते. मोकळ्या रस्त्यावर, त्याच वेगात, काही क्षण गिअर न्यूट्रलला घेऊन पाहिले. इंजिन आयडलवर आले, थरथर तशीच राहिली. म्हणजे तिचा संबंध इंजिनाच्या फेऱ्यांशी नाही, गाडीच्या वेगाशी आहे. आता राहिली चाके. माझ्या टायरचा व्यास ६६ सेंटिमीटर आहे. ताशी १०० ला चाक सेकंदाला साधारण १३ फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.३६ आहे, म्हणून शाफ्ट साधारण ४५ फेरे घेतो. चाकाचा दोष असता तर कंपने सेकंदाला १३ च्या घरात दिसली असती आणि शाफ्टचे वजन असमतोल असते तर ४५ च्या. प्रत्यक्षात ती ९० आहेत, म्हणजे शाफ्टच्या फेऱ्यांच्या नेमकी दुप्पट. शाफ्ट काढल्यावर पुढच्या जॉइंटच्या टोपीखाली लालसर तपकिरी पूड जमलेली दिसली आणि आतला फुलीच्या आकाराचा क्रॉस हाताने फिरवला तर तो एका जागी अडखळतो. जॉइंट नवा होता, आपल्याच किटमधून आलेला.

शेपूट वर घेऊन पाहावी म्हणून मी क्रॉसमेंबर सोडवला आणि गिअरबॉक्स जॅकवर हळूहळू उचलला. ३ अंशांपर्यंत पोहोचण्याच्या बऱ्याच आधी त्याचे कव्हर टनेलला टेकले. टनेलच्या आतल्या रंगावर त्याचा ओरखडा उमटला आहे, त्याचेही छायाचित्र आपल्याकडे आहे. यावरून माझा निष्कर्ष स्पष्ट आहे : ६एल८० हा या टनेलमध्ये योग्य कोनात मावत नाही, हे आपणांस ठाऊक होते. ‘एकही छेद न घेता’ हे वाक्य छापता यावे म्हणून आपण क्रॉसमेंबर मुद्दाम खाली ठेवला आणि शाफ्टचे काय व्हायचे ते ग्राहकावर सोडून दिले.

आता आजच्या संभाषणाविषयी. आपल्या ज्येष्ठ तांत्रिक सल्लागारांनी (त्यांचे पद त्यांनी स्वतःच सांगितले) पहिला प्रश्न विचारला की, टायरचे बॅलन्सिंग करून घेतले आहे का. मी वर लिहिलेला सारा हिशेब त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि पुन्हा विचारले, ‘पण बॅलन्सिंग केले आहे ना?’ मी होय म्हटले. मग त्यांनी कंपनांची मोजणी कशावर केली ते विचारले. फोनमधल्या ॲपवर, असे सांगताच ती ग्राह्य धरता येणार नाही, असे उत्तर आले. मी म्हटले की ती बाजूला ठेवा, कोनांची मापे कोनमापकावरची आहेत, त्यांच्याबद्दल बोला. त्यावर छायाचित्रे पुन्हा पाठवा असे सांगण्यात आले. ती आपल्याकडे आहेत, असे मी म्हटल्यावर थोडा वेळ शांतता पसरली, कळफलकाचा आवाज आला आणि त्यांनी मान्य केले की, हो, आहेत. मी विचारले, ‘मग पुढचा कोन ५ अंश आहे, हे आपणांस दिसते आहे का?’ ते म्हणाले, ‘दिसते आहे.’ मी विचारले, ‘आपल्या पुस्तिकेत ३ अंश लिहिले आहेत, हेही खरे ना?’ ते म्हणाले, ‘साहेब, जवळजवळ साठ वर्षांची गाडी आहे, थोडी थरथरणारच.’

मी शांतपणे सांगितले की, ही गाडी किट बसवण्याच्या आधी थरथरत नव्हती. त्यावर त्यांनी सुचवले की मी टनेल कापून वर उचलून घ्यावे, ‘सगळेच तसे करतात.’ ज्या एका गोष्टीसाठी मी आपले किट घेतले, तीच गोष्ट मोडायला आपला अधिकृत माणूस मला सांगत होता, आणि सगळेच तसे करतात असे म्हणताना आपली जाहिरात खोटी असल्याची कबुलीही देत होता. मी त्यांना पुस्तिकेचे पहिले पान वाचून दाखवले. तेव्हा ते म्हणाले, आणि हे शब्द मी तिथल्या तिथे लिहून घेतले आहेत : ‘इतकाच स्मूथपणा हवा होता, तर नवी गाडीच घ्यायची होती.’ यानंतर माझी तक्रार निकाली काढत असल्याचे सांगून त्यांनी फोन ठेवला.

जुन्या गाड्यांसाठी सुटे भाग विकून ज्या कंपनीचे घर चालते, तिच्या माणसाने जुनी गाडी जपणाऱ्याला नवी गाडी घ्यायला सांगावे, हे माझ्या जखमेवर मीठ चोळणे आहे. मला उपकार नको होते. ५ आणि २ हे आकडे सारखे नाहीत, एवढे मान्य करणारा एक माणूस हवा होता.

थरथर हा गैरसोयीचा भाग झाला. पुढचा मुद्दा जिवाशी खेळणारा आहे आणि तो आपण आजच वाचावा अशी माझी अपेक्षा आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाचा दाब ५ ते ७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो. एलएस३ च्या फ्युएल रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) तो ५८ पीएसआय असतो. स्टीलची इंधनवाहिनी आणि रेल यांच्यामध्ये जोडण्यासाठी किटमध्ये जी रबरी नळी आली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘एसएई ३०आर७’ असे छापलेले आहे. त्या प्रकारच्या, या मापाच्या नळीची कार्यमर्यादा ५० पीएसआय आहे. इंजेक्शनच्या गाड्यांसाठी १०० पीएसआयची ३०आर९ नळी मिळते आणि तीच लावायला हवी. मी नळीवरचा छाप वाचला आणि इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच ती बदलली. जो ग्राहक तो छाप वाचणार नाही, त्याच्या गाडीत ही नळी आज गरम मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर, तिच्या मर्यादेपेक्षा जास्त दाबाखाली पेट्रोल वाहून नेत असेल. हे मी आपल्या विभागाला त्याच दिवशी लेखी कळवले. उत्तर आले ते असे की, सूचना संबंधितांकडे पाठवली आहे. आपल्या विक्रीच्या पानावर आजही त्याच नळीचे छायाचित्र आहे.

ईसीयूविषयी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाविषयी, थोडक्यात लिहितो. एलएस३ च्या क्रँकवर ५८ दात्यांची रिलक्टर चकती असते, तिच्यावरून ईसीयू क्रँकची स्थिती ओळखतो. आपण पाठवलेल्या ईसीयूत २४ दात्यांच्या जुन्या इंजिनांची फाइल भरलेली होती, त्यामुळे स्टार्टर फिरत राहिला आणि इंजिन पेटेना. बॅटरी, अर्थिंग, इग्निशन असे सगळे मला तपासायला लावल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले आणि योग्य फाइल आली. सोबत दिलगिरीचा एक शब्दही आला नाही. ऑर्डरच्या अर्जावर इंजिनाचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असताना ही चूक कशी होते, हे मला समजत नाही.

इंजिन कोणालाही विकत मिळते, गिअरबॉक्सही मिळतो, आणि लोखंडाच्या पट्ट्या तर कोणताही वेल्डर कापून देतो. किटसाठी माणूस पैसे मोजतो ते मापांचे. कोणीतरी आधीच एका शेव्हेलखाली झोपून, कोन मोजून, चुकलेला क्रॉसमेंबर फेकून देऊन दुसरा बनवलेला असेल, या विश्वासाचे. तो विश्वासच आपण मोडला आहे. आपले नाव मी अनेक वर्षे इतरांना सुचवत आलो आहे, ज्यांना सुचवले त्यांच्यातील काहींनी आपल्याकडून माल घेतला आहे, आणि आता त्या प्रत्येकाला इंधनाची नळी तपासायला सांगणे हे माझे काम होऊन बसले आहे. ते खरे तर आपले काम होते.

आपण सर्वप्रथम, ज्यांना ज्यांना हे किट विकले गेले त्या सर्वांना नळीबाबत लेखी इशारा देऊन योग्य नळी विनाशुल्क पाठवावी. ही मागणी माझ्या वैयक्तिक भरपाईशी जोडलेली नाही आणि तिच्यासाठी मी थांबणार नाही. माझ्यापुरते म्हणाल, तर टनेल न कापता दोन्ही जॉइंटचे कोन आपल्याच पुस्तिकेतील मर्यादेत येतील असा क्रॉसमेंबर आणि माउंटचा संच मला द्यावा, खराब झालेला जॉइंट बदलून द्यावा, आणि तसा संच आपल्याकडे नसेल तर तसे स्पष्ट लिहून संपूर्ण किट परत घ्यावे व पूर्ण रक्कम परत करावी. टनेल कापण्याचा सल्ला मला पुन्हा देऊ नये. छायाचित्रेही पुन्हा मागू नयेत, ती आपल्याकडे आहेत, हे आपल्याच माणसाने आज कबूल केले आहे.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत, अभियांत्रिकी विभागातील जबाबदार व्यक्तीच्या सहीने मिळाले नाही, तर मापे, छायाचित्रे, पुस्तिकेचे ते पान आणि झालेला सर्व पत्रव्यवहार घेऊन मी ग्राहक संरक्षण कायद्याने जो मार्ग दिला आहे तो धरीन. नळीचा तुकडा मी लेबलसह जपून ठेवला आहे आणि वाहनसुरक्षेच्या यंत्रणेकडे तो स्वतंत्रपणे सादर करणार आहे. याबाबत यापुढे दूरध्वनीवर कोणतीही चर्चा करण्याची माझी तयारी नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत : कोनांच्या मापांची छायाचित्रे, टनेलवरील ओरखड्याचे छायाचित्र, नळीवरील छापाचे छायाचित्र, खरेदीची पावती, विक्री विभागाला पाठवलेल्या पत्राची प्रत